कॉलेज उघडलं, पण प्रयोगशाळेतली दोन वर्षं कुठून आणायची?

१ फेब्रुवारी २०२२ पासून राज्यातली महाविद्यालयं पुन्हा उघडली. ओमिक्रॉनची लाट आली म्हणून ५ जानेवारीला ती १५ फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवण्याचं जाहीर झालं होतं, पण लाट अंदाजापेक्षा लवकर ओसरू लागली आणि निर्णय दोन आठवडे अलीकडे आला. चांगलं झालं. योगायोग असा की त्याच दिवशी दिल्लीत केंद्रीय अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्यात विज्ञान व गणितासाठी ७५० आभासी प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. म्हणजे आपल्याकडे खऱ्या प्रयोगशाळेचं कुलूप निघालं आणि तिकडे पडद्यावरच्या प्रयोगशाळेला पैसे मिळाले, दोन्ही एकाच दिवशी.

या दोन बातम्या एकत्र वाचायला हव्यात, कारण त्यांच्या मधोमध एक बॅच उभी होती. ही बॅच म्हणजे २०२१-२२ मध्ये टी.वाय.बी.एस्सी.ला असलेली, २०१९ साली प्रवेश घेतलेली मुलंमुली.

त्यांचा हिशेब मांडून बघा. जुलै २०१९ ते मार्च २०२० चा मध्य, एवढं पहिलं वर्ष त्यांना नीट मिळालं. मग लॉकडाऊन. पहिल्या वर्षाची परीक्षा रद्द होऊन सरासरी गुणांवर पुढे ढकललं गेलं. दुसरं वर्ष मोबाइलवर. १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या हजेरीने कॉलेजं उघडण्याची परवानगी आली, तोवर दुसरी लाट दारात उभी. पुणे जिल्ह्यात आठवडाभरातच सगळं परत बंद. त्यानंतर थेट २० ऑक्टोबर २०२१. तिथून ५ जानेवारीपर्यंत अकरा आठवडे होतात, त्यात दिवाळीची सुट्टी आलीच. उरलेल्या दिवसांत दोन वर्षांची प्रात्यक्षिकं किती आणि कशी बसवली असतील, ते प्राध्यापकांनाच विचारा.

आणि हे अकरा आठवडेसुद्धा सगळ्यांना मिळालेले नाहीत. ऑक्टोबरमध्ये कॉलेजात पाऊल टाकायचं तर लशीचे दोन डोस झालेले हवे होते. १८ वर्षांवरच्यांचं लसीकरण सुरू झालं १ मे २०२१ ला. राज्यात साठा नाही म्हणून ते काही दिवसांत थांबलं आणि जूनच्या शेवटच्या टप्प्यात परत सुरू झालं. कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर. जुलैच्या अखेरीला ज्याला पहिला डोस मिळाला त्याचा दुसरा ऑक्टोबरच्या मध्यावर येतो. गावाकडे मोबाइलवर स्लॉट धरायचा, तो शहरातली मंडळी गाडी घेऊन येऊन गाठायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यात नोव्हेंबरपासून एसटीचा संप. पुण्यातल्या मुलाला कॉलेज उघडलं म्हणजे उघडलं. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या वाडीवरच्या मुलीला कॉलेज उघडलं आणि एसटी बंद पडली. वडापच्या जीपला रोजचे पैसे द्यायचे कुठून? सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला पोचायचं कसं? कॉलेजं पुन्हा उघडली तेव्हाही संप मिटलेला नव्हता, हेही लक्षात ठेवा.

बुडालं ते नेमकं काय?

बरेच जण म्हणतात, थिअरी तर झाली ना, परीक्षा झाल्या, गुणही भरपूर पडले. मग बुडालं काय?

विज्ञानाच्या पदवीत पुस्तक आणि हात अशा दोन गोष्टी असतात. पुस्तकाचा भाग पीडीएफवर, यूट्यूबवर, रात्री गच्चीवर रेंज शोधून का होईना, थोडाफार भरून निघाला. हाताचा भाग नाही निघाला. ब्युरेटच्या तोटीवर बोट कसं ठेवायचं, एक थेंब कसा थांबवायचा, गुलाबी रंग टिकला की उडाला हे कसं ओळखायचं, सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल दिसतेय की हवेचा बुडबुडा, सोल्डरिंगची तार किती वेळ धरायची, या गोष्टी शंभर वेळा चुकल्याशिवाय येत नाहीत. दोन वर्षांत आपल्या पोरांना चुकायलाच मिळालं नाही. प्रात्यक्षिकाची जर्नलं मात्र पूर्ण झाली. व्हॉट्सॲपवर आलेली रीडिंग उतरवून काढली, सही झाली. बऱ्याच ठिकाणी प्रात्यक्षिक परीक्षाही तोंडी किंवा फोनवरच उरकली.

संशोधनाचं प्रशिक्षण याच्याही पुढची पायरी. साधा लंबक घ्या. पुस्तकात गुरुत्वीय त्वरण ९.८ लिहिलंय. आभासी प्रयोगशाळेत तुम्ही बटण दाबलं की लंबक डुलतो आणि उत्तर ९.८ च्या आसपासच येतं, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो आकडा आत घातलेला असतो. खऱ्या टेबलावर उत्तर कधी ९.५ येतं, कधी १०.१. मग सर विचारतात, का? दोरा ताणला का? कोन जास्त झाला का? पंखा चालू होता का? घड्याळ दाबायला उशीर झाला का? या “का”पासून संशोधन सुरू होतं. आकडा पुस्तकाशी जुळत नाही तेव्हा तो खोडून जुळवून लिहायचा की तसाच ठेवून कारण शोधायचं, याची सवय पदवीच्या वर्षांत लागते किंवा लागतच नाही.

म्हणून ७५० आभासी प्रयोगशाळांच्या घोषणेवर टाळ्या वाजवताना जरा थांबावं असं वाटतं. आभासी प्रयोगशाळा ही वाईट गोष्ट नाही. केंद्र सरकारचा तसा प्रकल्प आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने दहा वर्षांहून जास्त काळ चालू आहे, फुकट आहे, आणि महागडं उपकरण हात लावण्याआधी समजून घ्यायला त्याचा खरोखर उपयोग होतो. पण तो पूर्वतयारीचा भाग झाला. पोहण्याचा व्हिडिओ बघून विहिरीत उडी कुणी मारत नाही.

त्यातही बघायचं कशावर? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. शहरात हेच आकडे २३.४ आणि ४२. त्यानंतर फोन वाढले, हे मान्य. पण एका घरात एक स्मार्टफोन, त्यावर दोन भावंडांचे तास आणि बापाचे बाजारभावाचे कॉल, ही परिस्थिती वेगळी सांगायला नको. फोनच्या चार बोटांच्या पडद्यावर आलेख काढणं आणि लॅपटॉपवर काढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एकाच जिल्ह्यात दोन देश

आपला जिल्हा या बाबतीत जरा विचित्रच आहे. पुण्यात आयसर आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयुका आहे, राष्ट्रीय विषाणू संस्था आहे, पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. कोरोनाच्या दोन वर्षांत यातल्या काही संस्थांची नावं रोज टीव्हीवर होती. इतक्या वैज्ञानिक संस्था एका शहरात असणं देशात फार थोड्या ठिकाणी आढळेल. आणि त्याच जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, भोर, वेल्ह्याचे डोंगराळ पट्टे आहेत, जिथल्या पोरांनी या संस्थांच्या फाटकाच्या आत पाय ठेवलेला नाही.

तसं पाहिलं तर जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आपल्याच जुन्नर तालुक्यात आहे. खोडदची जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. टोमॅटोच्या आणि उसाच्या शेतांतून त्या दिसतात. ही दुर्बीण उभी करणारे डॉ. गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० ला, याच महामारीच्या काळात, पुण्यात गेले. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट इथे सांगायला हवी. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. वि. गो. भिडे आणि स्वरूप यांनी मिळून अशी कल्पना लावून धरली होती की पदवीच्या वयातल्या मुलांनी शिकता शिकता प्रत्यक्ष संशोधन करावं, अशा संस्था देशात हव्यात. पुढे २००६ मध्ये पुण्यात आयसर आलं, त्यामागे हाच विचार होता. आयसरमध्ये तो अमलात आला. तालुक्याच्या कॉलेजपर्यंत मात्र तो पोचायचाच आहे, आणि देशातले बहुसंख्य विज्ञान पदवीधर आयसरमधून नव्हे तर अशा कॉलेजांतूनच बाहेर पडतात.

योजना नाहीत असं नाही. केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे: बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान घेतलेल्या मुलांना वर्षाला ८० हजार रुपये, त्यातले ६० हजार हातात आणि २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. देशभरात वर्षाला अशा १२ हजार शिष्यवृत्त्या. तिन्ही विज्ञान अकादमी मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांसाठी शास्त्रज्ञांकडे पाठवतात. मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून पदवी विद्यार्थ्यांसाठी एनआययूएस हा कार्यक्रम चालवतं. एनसीआरए आणि आयुका मिळून कॉलेजच्या मुलांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात. राज्यात राजभवनाच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘आविष्कार’ स्पर्धा आहे, तीत तालुक्याची पोरं पोस्टर घेऊन जातात.

पण या सगळ्यांची रचना बघा. वरचा एक टक्का, शिफारसपत्र, इंग्रजीत अर्ज, आणि दोन महिने घरापासून लांब राहण्याची ऐपत. ज्याच्या घरी उन्हाळ्यात कांदा काढायला, द्राक्षाच्या बागेत, नाहीतर रोजंदारीवर माणूस लागतो, तो मे महिना बंगळुरूला कसा काढणार? मुलीच्या बाबतीत तर घरचा पहिला प्रश्न “राहणार कुठं” हाच. विद्यावेतन असतं, पण ते नंतर हातात येतं आणि तिकीट आधी काढावं लागतं.

महामारीत यातले बरेच कार्यक्रम ऑनलाइन झाले. तेव्हा एक आशा होती. प्रवास गेला, राहण्याचा खर्च गेला, आता वाडीवरचा मुलगाही आयआयटीच्या प्राध्यापकासोबत काम करेल. काहींनी केलंही. पण एक अडथळा गेला तिथे दुसरा आला. प्रकल्प ऑनलाइन म्हणजे तो संगणकावरचाच असणार, आणि संगणक त्याच्याकडे नव्हता. कॉलेजच्या संगणक कक्षाला कुलूप. मागासवर्गीय आणि आदिवासी मुलांची वसतिगृहं बंद. म्हणजे जी एकमेव जागा होती जिथे वीज, टेबल आणि शांतता एकत्र मिळायची, तीही गेली.

प्रमाणपत्रांचा पाऊस

२०२० चा मे-जून आठवतो? रोज व्हॉट्सॲपवर लिंक यायची. ‘कोरोना जनजागृती प्रश्नमंजुषा’, पाच प्रश्न, चाळीस टक्के गुण मिळाले की लगेच ई-प्रमाणपत्र. मग वेबिनार. एकेका पोराकडे तीस-चाळीस प्रमाणपत्रं जमली. नॅकच्या फायलीत कॉलेजचे कार्यक्रमही वाढले. यातून पोरांना काय आलं, हे विचारायचं नाही.

दुसरी लाट ‘डॉकिंग’ची. कोरोना विषाणूच्या प्रथिनाची रचना जगासाठी खुली झाली होती, सॉफ्टवेअर फुकट होतं. वनस्पतीतलं एखादं रसायन घ्यायचं, संगणकात त्या प्रथिनाच्या खाचेत बसवायचं, एक आकडा मिळवायचा आणि “तुळशीतला अमुक घटक कोरोनावर गुणकारी ठरू शकतो” असा प्रकल्प अहवाल लिहायचा. देशभर असे ढीगभर अहवाल झाले. मी याला सरसकट वाईट म्हणणार नाही. जीवशास्त्राच्या मुलांना त्यातून प्रथिनांची डेटाबँक माहीत झाली, फाइल कशी उघडायची ते कळलं. पण तो आकडा म्हणजे औषध नव्हे, संगणकाचा अंदाज आहे, तो खरा की खोटा हे प्रयोगशाळेतच ठरतं, एवढं सांगणारा मार्गदर्शक नसेल तर मुलगा संशोधन शिकत नाही. दावा करायला शिकतो. आणि त्या दिवसांत काढ्यांपासून गोळ्यांपर्यंत दाव्यांची कमतरता नव्हती.

याउलट काही कामं खरोखर चांगली झाली आणि त्यांना प्रयोगशाळा लागली नाही. जीएमआरटीने केलेल्या आकाश सर्वेक्षणाच्या प्रतिमा सगळ्यांसाठी खुल्या आहेत. डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला रॅड ॲट होम हा उपक्रम पदवीच्या विद्यार्थ्यांना या प्रतिमा वाचायला शिकवतो, आणि वेगळ्या दिसणाऱ्या दीर्घिका शोधायला लावतो. खोडदच्या दुर्बिणीने टिपलेलं आकाश ओडिशा-बंगालमधली मुलं घरी बसून तपासतात. खोडदच्या शेजारच्या गावातल्या बी.एस्सी.च्या मुलाला हे कुणी सांगितलंय का? तसंच पक्षिगणनेचं. फेब्रुवारीतली जागतिक पक्षिगणना २०२२ मध्ये १८ ते २१ तारखेला होती. पंधरा मिनिटं एका जागी बसून मोजायचं, नोंद ॲपवर टाकायची. फायफॉक्स नावाचं जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ॲप फोनमधले सेन्सर वापरून लंबक, उतार, आवाज यांचे खरे प्रयोग करायला देतं. त्यात उत्तर आधीपासून घातलेलं नसतं. फोन दोरीला टांगायचं धाडस हवं, एवढंच.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने सत्तरच्या दशकातच विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या घरी पोस्टाने प्रयोगाचे संच पाठवले होते, छोट्या सूक्ष्मदर्शकासकट. पन्नास वर्षांनंतर आपण मुलांच्या घरी पाठवलं काय? लिंक.

विहीर, माती आणि हिरडा

फेब्रुवारी २०२२ मध्ये सत्र उरलं होतं थोडं. परीक्षा पुढे सरकल्या तरी जून-जुलैपर्यंत ही बॅच बाहेर पडणार होती. एवढ्या वेळात सगळा अभ्यासक्रम हाताने करून घेणं अशक्य होतं, आणि तसं घाईने उरकलं असतं तर परत जर्नलच भरलं गेलं असतं. त्यापेक्षा थोडे प्रयोग, पण गावातल्या खऱ्या प्रश्नावर, आणि उत्तर आधी कुणालाच माहीत नसलेले, असा मार्ग मला जास्त पटतो.

उदाहरण पाण्याचं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, एकूण दुष्फेनता २०० पर्यंत चांगली आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल. आपल्याकडे ऊस, कांदा, टोमॅटोला खत किती पडतं ते सांगायला नको. ते पाण्यात उतरलंय का? दुष्फेनता काढायला ईडीटीएचं अनुमापन लागतं, क्लोराइडला सिल्व्हर नायट्रेट. हे दोन्ही प्रयोग अभ्यासक्रमात आहेतच. फरक इतकाच की आजवर सर बाटलीत मीठ विरघळवून द्यायचे. आता मुलाने स्वतःच्या वस्तीवरच्या विहिरीचं पाणी आणायचं. प्रत्येक नमुना तीनदा मोजायचा. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर चौथ्यांदा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. कॉलेजच्या मुलांनी मार्च आणि मेमध्ये आपल्या गावच्या दहा विहिरी मोजल्या, पातळी आणि क्षार दोन्ही, तर तीन वर्षांत तालुक्याकडे अशी नोंद जमेल जी आज कुठल्याच कार्यालयात नाही.

मातीचंही तसंच. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका वाटल्या जातात, त्यात १२ घटकांची तपासणी असते. किती शेतकऱ्यांनी ती वाचून खत बदललं, हा वेगळा विषय. पण पत्रिकेतला सामू आणि सेंद्रिय कर्ब पुन्हा तपासून जुळतो का बघणं हा टी.वाय.च्या मुलाला झेपणारा आणि त्याच्या बापाला समजणारा प्रकल्प आहे.

पश्चिम पट्ट्यात हिरडा आहे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी भागात हिरड्याच्या झाडांचं नुकसान झालं, भरपाईची मागणीही झाली. पण कुठल्या वाडीत किती झाडं होती, किती मोडली, उरलेली कधी फुलतात, याची नोंद कुणाकडे आहे? वनस्पतिशास्त्राची मुलगी ती करू शकते, आणि तिच्या आजीला त्यातलं निम्मं तोंडपाठ असतं. रसायनशास्त्राचा मुलगा बाळहिरडा आणि पिकलेला हिरडा यांतल्या टॅनिनची तुलना पोटॅशियम परमँगनेटच्या अनुमापनाने करू शकतो. व्यापारी दोन्हीला वेगळा भाव का देतो, हे तिथून समजायला लागतं. डॉ. माधव गाडगीळ यांनी नव्वदच्या दशकात पश्चिम घाटातल्या कॉलेजांचे प्राध्यापक आणि विद्यार्थी घेऊन जैवविविधतेच्या नोंदींचं जाळं उभं केलं होतं, त्यामुळे ही कल्पना काही नवी नाही. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. बऱ्याच गावांत ती कागदावर आहे. ती खरी करायला कॉलेजची पोरं सोडून दुसरं कोण मिळणार?

कुलूप उघडल्यावर

हे सगळं बोलायला सोपं. प्रत्यक्षात दोन वर्षांनी प्रयोगशाळा उघडली तेव्हा काय दिसतं? पीएच मीटरचा काचेचा इलेक्ट्रोड कोरडा पडलेला. तो ओला ठेवावा लागतो, नाहीतर मरतो. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर दोन पावसाळ्यांची बुरशी. सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटल्यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषलेला, म्हणजे त्या द्रावणावर विसंबता येत नाही. मुदत संपलेली रसायनं, गळून गेलेली लेबलं. हे दुरुस्त करायला पैसे लागतात आणि माणूस लागतो.

माणसाचा प्रश्न जास्त मोठा. प्रयोगशाळा परिचराच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. शिकवणारे निम्मे तासिका तत्त्वावर. शासनाने २०२१ च्या अखेरीला सहायक प्राध्यापकांच्या २०८८ जागा भरायला मान्यता दिली, ती सगळ्या राज्यासाठी आणि सगळ्या विषयांसाठी. तासिकेवरच्या शिक्षकाला तासाचे पैसे मिळतात. मुलासोबत विहिरीवर जाण्याचे मिळत नाहीत. तरी काही जण जातात, पदरमोड करून. त्यांच्या जिवावर धोरण आखता येणार नाही.

आणि धोरण तर मोठं आहे. २९ जुलै २०२० ला, ऐन महामारीत, नवं शैक्षणिक धोरण मंजूर झालं. त्यात चार वर्षांची पदवी आहे, चौथं वर्ष संशोधनाचं. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी २०२१ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत ५० हजार कोटींची घोषणा झाली. विद्यापीठं आणि महाविद्यालयांत संशोधन रुजवणं हाही त्यामागचा हेतू सांगितला जातो. पण चौथं वर्ष संशोधनाचं असेल तर ते कुठल्या टेबलावर करायचं? ज्या कॉलेजात पाच मुलांत एक ब्युरेट आहे तिथली मुलं तीन वर्षांनी बाहेर पडतील आणि जिथे सोय आहे तिथली चार वर्षांची ‘संशोधनासह’ पदवी घेतील. पुढे पीएच.डी.ला, नोकरीला, कुणाचं वजन जास्त पडेल? महामारीने तयार केलेली दरी मग कागदोपत्री पक्की होईल. २०२१-२२ च्या एफ.वाय.च्या मुलांची बारावीची परीक्षाच झाली नव्हती. दहावी, अकरावी, बारावीचे ३०:३०:४० असे गुण धरून राज्याचा निकाल ९९.६३ टक्के लागला. 

पैशांबाबत एक मार्ग हाताशी आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना अनेक वर्षं चालू आहे. त्यात मुलं बाग झाडतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात, कार्यालयात फायली लावतात आणि तासाप्रमाणे मोबदला घेतात. विहिरीचे नमुने गोळा करणं, प्रयोगशाळेत ते तपासणं, आकडे संगणकात भरणं हे काम नाही का? ते त्याच योजनेत धरलं तर मे महिन्यात रोजंदारीवर जाणारा मुलगा कॉलेजात राहू शकेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. विद्यापीठाने एक परिपत्रक काढायचं आणि प्राचार्यांनी मे महिन्यात प्रयोगशाळा उघडी ठेवायची. वसतिगृहाचे दोन महिने वाढवून देण्याचा निर्णय समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाला घ्यावा लागेल.

पुण्यातल्या संस्थांकडूनही एक अपेक्षा ठेवायला हरकत नाही. पोरांना तिकडे बोलावण्याऐवजी एक संशोधक महिन्यातून एक शनिवार तालुक्याच्या कॉलेजात आला तर? नारायणगाव पुण्यापासून दीड-दोन तासांवर आहे. आयसरने पदवी कॉलेजांच्या शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचं काम याआधी केलेलं आहे, म्हणजे इच्छा नाही असं म्हणता येत नाही. मागणी आपल्या बाजूने जायला हवी. कॉलेजच्या विकास समितीत स्थानिक पुढारी बसतात, माजी विद्यार्थी बसतात. पुढच्या बैठकीत कमानीचा आणि पेव्हर ब्लॉकचा विषय येईल तेव्हा पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडचाही घ्या. त्याची किंमत कमानीच्या रंगाएवढीही नाही.

तोवर एक साधी गोष्ट.  वेळापत्रक लावताना आठची बॅच वस्तीवरच्या मुलांना देऊ नका. त्यांना अकरा-साडेअकराची द्या.